सिल्व्हर-झिंक सेल नुसता ठेवला तरी उतरतो, सेलोफेन काळं पडतं: दोष नेमका कुठे शोधायचा

दरवर्षी प्रोजेक्टचा मोसम आला की हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो, म्हणून एकदाच नीट बसून सगळं लिहितो. सेल बनवला, चार्ज केला, मल्टिमीटरवर १.८६ व्होल्ट दिसले, सगळे खूश. मग मध्ये परीक्षा आली, सुट्ट्या आल्या, सेल कपाटात गेला, आणि काही आठवड्यांनी काढला तर कुणाचा १.६० दाखवतोय, कुणाचा १.४ च्याही खाली गेलाय, कुणाच्या सेलमधून बुडबुडे येतायत, आणि उघडून बघावं तर चांदी आणि झिंकच्या प्लेटांमध्ये सेपरेटर म्हणून घातलेलं पारदर्शक सेलोफेन तपकिरी-काळं झालेलं. मग पुढच्या सेलमध्ये लोक चांदी जास्त घालतात नाहीतर चार्जिंगचा करंट वाढवतात आणि महिन्याभराने पुन्हा तेच रडगाणं.

हे तीन-चार वेगवेगळे दोष आहेत, फक्त लांबून सारखे दिसतात. मुळाशी गोष्ट एकच, की चांदीचे ऑक्साइड केओएचमध्ये, म्हणजे सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट म्हणून भरलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, थोडे विरघळतात आणि थोडे आपणहून मोडतात. विरघळणं तुम्हाला थांबवता येणार नाही, तो त्या पदार्थाचा गुणधर्मच आहे. तुमच्या हातात एवढंच आहे की विरघळलेली चांदी झिंकपर्यंत पोचायला किती वाट चालावी लागेल आणि त्यासाठी तिला किती वेळ मिळेल. सगळी दुरुस्ती या दोन गोष्टींत आहे, चांदी वाढवण्यात नाही.

आधी आत काय चाललंय ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या तपासण्या नुसत्या पाठ केल्यासारख्या होतील. चार्ज झालेल्या प्लेटमध्ये दोन ऑक्साइड असतात. एक एजीओ (AgO), काळपट राखाडी, जास्त चार्ज झालेला. दुसरा एजी-टू-ओ (Ag₂O), गडद तपकिरी, अर्धा चार्ज झालेला. एक ग्रॅम एजीओ हिशेबाने ४३२ मिलीअँपिअर-तास देतो आणि एक ग्रॅम एजी-टू-ओ २३१, म्हणून सगळे एजीओच्या मागे लागतात. पण दोन्ही केओएचमध्ये विरघळतात आणि द्रावणात मुख्यतः एकच आयन तयार होतो, एका चांदीला दोन हायड्रॉक्साइड चिकटलेला, ऋणभारित. हे विरघळण्याचं प्रमाण केओएचची तीव्रता वाढवत गेलं की आधी वाढतं, साधारण ६ मोलरच्या (म्हणजे लिटरमागे ६ मोल केओएच) आसपास शिखराला पोचतं, खोलीच्या तापमानाला जेमतेम ०.०००४८ मोल प्रति लिटर, आणि त्याच्या पुढे केओएच आणखी घट्ट केलं की हळूहळू उतरायला लागतं. हे ६ मोलर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता हा आकडा ग्रॅममध्ये मांडला तर एका लिटरला सुमारे ५२ मिलिग्रॅम चांदी. तुमच्या सेलमध्ये २० मिली इलेक्ट्रोलाइट असेल तर कुठल्याही क्षणी त्यात विरघळलेली चांदी एक मिलिग्रॅम, आणि प्लेटवर आहे दहा ग्रॅम. इथे बहुतेक जण म्हणतात की सर, हे तर काहीच नाही, यामुळे सेल कसा मरेल? मरतो, कारण समोर झिंक बसलंय. विरघळलेला चांदीचा आयन झिंकला भेटला की तिथेच धातू होऊन चिकटतो आणि तेवढं झिंक विरघळतं, म्हणजे द्रावणातली चांदी कमी झाली, म्हणजे प्लेटवरचं ऑक्साइड पुन्हा थोडं विरघळणार, पुन्हा ती चांदी झिंककडे जाणार. तळाला भोक असलेल्या माठासारखं आहे हे, माठात एका वेळी पाणी किती आहे याला अर्थ नाही, भोक किती मोठं आणि माठ किती दिवस ठेवलाय याला अर्थ आहे. शिवाय झिंकवर चांदी बसली की त्या जागी हायड्रोजन सुटणं सोपं होतं, कारण उघड्या झिंकवर हायड्रोजन फार नाखुशीने सुटतो आणि चांदीवर त्या मानाने सहज. म्हणजे चांदी तर गेलीच, वर झिंकही गंजायला लागतं आणि गॅस होतो.

वाटेत सेलोफेन असेल तर ते ही चांदी अडवतं, पण कशी अडवतं हे समजून घ्या. ते चाळणीसारखं फक्त अडवत नाही, तर सेलोफेन म्हणजे सेल्युलोज, ते स्वतः ऑक्सिडाइझ होतं आणि चांदीचा आयन त्याच्या अंगातच धातू होऊन बसतो. तुमचं सेलोफेन काळं पडतं ते यामुळे. म्हणजे काळं पडणं हा सेलोफेनचा दोष नाही, त्याने केलेलं काम आहे, ते स्वतः झिजून झिंकला वाचवतंय. १९४१ साली फ्रान्सच्या ऑंरी आंद्रे यांनी सेलोफेन घातलेला चालू शकेल असा सिल्व्हर-झिंक सेल मांडला तो याच जोरावर, त्याआधी चांदी आणि झिंक ही जोडी व्होल्टाच्या काळापासून माहीत असूनही पुन्हा पुन्हा चार्ज होणारा टिकाऊ सेल जमत नव्हता. पण सेलोफेनचं हे बलिदान मोजकं असतं. थर आरपार काळा झाला, चांदीचे कण एकमेकांना टेकले, की तोच थर वीज वाहून न्यायला लागतो आणि आतल्या आत शॉर्ट होतो.

दुसरी गोष्ट मोडण्याची. एजीओ केओएचमध्ये पडून राहिला तर दोन एजीओ मिळून एक एजी-टू-ओ होतो आणि ऑक्सिजन सुटतो. खोलीच्या तापमानाला हे फार सावकाश होतं, पण तापमान चढलं की झपाट्याने वाढतं. यात चार्ज खरोखर वाया जातो, जेवढा एजीओ मोडला त्याची क्षमता निम्मी झाली. बंद सेलमध्ये हा ऑक्सिजन झिंकपर्यंत जाऊन झिंक ऑक्साइड करतो, त्यामुळे फुगवटा दिसलाच पाहिजे असं नाही, आणि दोन्ही बाजूंची क्षमता गपचूप कमी होते.

तिसरी गोष्ट मात्र निरुपद्रवी आहे आणि लोक सगळ्यात जास्त तिलाच घाबरतात. प्लेटच्या आत चांदीची जाळी असते. एजीओ आणि धातूची चांदी एकमेकांना टेकलेली असली की दोघं मिळून एजी-टू-ओ होतात. हिशेब करून बघा, एजीओमध्ये दोन इलेक्ट्रॉनची जागा, चांदीत शून्य, एजी-टू-ओमध्ये दोन. क्षमता एका कणानेही कमी झाली नाही, फक्त वरची व्होल्टेज गेली आणि जाळी थोडी खाल्ली गेली. तेव्हा १.८६ चा १.६० झाला म्हणून लगेच सेल फोडायला घेऊ नका.

आता तपासणी. पहिलं म्हणजे सेल उघडायचा नाही. एकदा उघडला की व्होल्टेजची सगळी साक्ष गेली.

चार्जिंग संपल्यावर एक दिवस काहीही न जोडता सेल ठेवा आणि मग मोजा. १.८५ च्या आसपास आहे म्हणजे पृष्ठभागावर एजीओ आहे. १.६० च्या आसपास म्हणजे पृष्ठभागावर एजी-टू-ओ आहे, आत काय आहे ते अजून कळलेलं नाही. इथेच गल्लत होते, लोकांना वाटतं १.६० म्हणजे अर्धा चार्ज, पण मल्टिमीटरला फक्त बाहेरची कातडी दिसते. १.५ च्या खाली जाऊन रोज थोडं थोडं उतरतच असेल तर मात्र आत शॉर्ट आहे किंवा एखादी बाजू पूर्ण संपली. बरोबरीने बनवलेले दोन सेल असतील तर दोघांवर हात ठेवून बघा, काही न जोडता एक कोमट लागत असेल तर तोच शॉर्ट झालेला.

मग छोट्या करंटने, दहा-वीस तासांत संपेल अशा बेताने डिस्चार्ज करा आणि तासातासाला व्होल्टेज लिहा. पूर्ण क्षमता मिळाली, फक्त १.८ ची वरची पायरी गायब आणि सुरुवातीपासून १.५ च्या आसपास सपाट रेष, तर तो जाळीवाला निरुपद्रवी प्रकार, सेल चांगला आहे, उलट तुमच्या सर्किटला एकच व्होल्टेज हवी असेल तर फायदाच. हातघड्याळाच्या बटण सेलमध्ये याच कारणाने एजी-टू-ओच वापरतात, १.५५ व्होल्टची सरळ रेष शेवटपर्यंत. क्षमता निम्म्याकडे झुकलीये आणि ठेवलेल्या काळात बुडबुडे दिसले होते तर एजीओ मोडलाय, उष्णतेचा संशय घ्या. आणि क्षमता तर कमीच, वर डिस्चार्ज थांबवल्यावरही व्होल्टेज परत चढत नाही, तर सेपरेटरमधून चांदी आरपार गेलीये.

मध्येच एक सांगतो. डिस्चार्ज सुरू करताच पहिल्या काही क्षणांत व्होल्टेज एकदम खाली बसते आणि मग सावरते, त्यालाही घाबरायचं कारण नाही. एजी-टू-ओ विजेचा फारच वाईट वाहक आहे, त्याची कातडी असली की सुरुवातीला रोध जास्त, थोडी चांदी तयार झाली की ती स्वतःच वाट करून देते.

आता उघडायचं. चष्मा आणि हातमोजे घालून, हे वेगळं सांगायला लागू नये पण सांगतो, कारण ४० टक्के केओएच डोळ्यात गेलं तर ऍसिडपेक्षा वाईट, डोळा पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. प्लेट काढल्यावर सेलोफेनचे थर चांदीच्या बाजूने झिंकच्या बाजूकडे एक-एक करून सोला, क्रमाने पांढऱ्या टाइलवर मांडा आणि फोटो काढा. या थरांवरून जेवढं कळतं तेवढं कुठल्या महागड्या मशिनवरून कळत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

चांदीला लागून असलेला पहिला थर काळा असणारच, चिंता नको. दुसरा तपकिरी, तिसरा फिकट पिवळसर, शेवटचा स्वच्छ, असा उतार दिसला तर सेपरेटरचं काम नीट चाललंय. सगळेच थर सारखे काळे आणि त्यावर धातूची चमक, तर एकतर फार दिवस ओला (म्हणजे केओएच भरलेला) आणि चार्ज ठेवलाय, किंवा गरम जागी ठेवलाय, किंवा केओएचची तीव्रता चुकलीये. मधले थर स्वच्छ पण कडांना काळी पट्टी, आणि त्याच जागी झिंकच्या कडेलाही काळं, तर चांदी थरांमधून गेलेलीच नाही, कडेने वळसा घालून गेली, म्हणजे तुमची घडी आखूड पडली. आणि डाग नसून ठिपके असतील, झिंकच्या बाजूने सुरू झालेले, टोकदार, राखाडी, तर ती चांदी नाहीच, ते झिंकचे काटे आहेत, चार्जिंग करताना वाढलेले आणि सेलोफेन भोसकून गेलेले. हा फरक ओळखता आला पाहिजे, कारण उपाय उलटे आहेत, काट्यांसाठी चार्जिंग बदलायचं आणि काळेपणासाठी साठवण आणि केओएच बदलायचं.

डाग चांदीचाच आहे का अशी शंका असेल तर तुकडा पाण्याने भरपूर धुऊन थोड्या पातळ नायट्रिक ऍसिडमध्ये टाका, मग त्यात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब. पांढरा दुधी साका आला आणि उजेडात ठेवल्यावर तो जांभळट-करडा झाला तर चांदी. पुस्तकात पुढची पायरी अमोनियात विरघळवून बघायची असते, ती इथे करूच नका, का ते शेवटाकडे लिहितो.

आता सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण, आणि हे वाचून बऱ्याच जणांना आपल्या वहीत मागे जाऊन बघावं लागेल. तुम्ही "४० टक्के केओएच" म्हणता ते खरंच ४० टक्के असतं का? लॅबमध्ये येणाऱ्या केओएचच्या गोळ्या साधारण ८५ टक्के शुद्धतेच्या असतात, उरलेलं बहुतेक पाणी. बरेच जण ४० ग्रॅम गोळ्या घेतात आणि १०० मिली पाण्यात टाकतात. त्यात खरं केओएच ३४ ग्रॅम, एकूण द्रावण १४० ग्रॅम, म्हणजे झालं जेमतेम २४ टक्के, मोलरमध्ये सांगायचं तर पाचच्या थोडं वर. आणि मघाशी सांगितलेलं शिखर कुठे होतं, ६ मोलरला! म्हणजे ऑक्साइड सगळ्यात जास्त विरघळतात त्याच्या अगदी शेजारी तुम्ही सेल नेऊन ठेवला. वर पातळ द्रावण म्हणजे आयन हलतातही चपळ.

खरं ४० टक्के करायचं तर ४७ ग्रॅम गोळ्या आणि ५३ ग्रॅम पाणी, वजनाने, आणि गोळ्या पाण्यात थोड्या थोड्या टाकायच्या, बर्फाच्या भांड्यात बाहेरून थंड करत, कारण द्रावण उकळी येईल इतकं तापू शकतं. पाणी डिस्टिल्डच हवं. मग हायड्रोमीटरने घनता बघा, २० अंशाला ४० टक्क्यांची घनता १.४० च्या जवळ येते आणि ४५ टक्क्यांची १.४५ च्या जवळ. वहीत टक्के लिहिण्याऐवजी घनता लिहायची सवय लावा, वाद मिटतात. बाटली प्लॅस्टिकची, झाकण घट्ट, कारण केओएच हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं आणि कार्बोनेट होतं. अर्धवट उघडी राहिलेली जुनी बाटली असेल तर थोडं द्रावण पातळ ऍसिडमध्ये सावकाश टाकून बघा, फसफसलं तर ते सेलसाठी वापरू नका.

कुणी म्हणेल की केओएचची वाहकता तर ३० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात चांगली असते, मग ४० का? बरोबर आहे, आणि काही मिनिटांत सगळी वीज ओढायची असेल तर लोक त्या बाजूला झुकतातही. पण सेल आठवडेच्या आठवडे ओला राहणार असेल तर ४० ते ४५ घ्या. त्यात ऑक्साइड कमी विरघळतात, द्रावण घट्ट असल्याने आयन सावकाश सरकतात आणि सेलोफेनही जास्त टिकतं. थोडा रोध वाढतो तो सोसायचा. आणि त्यात झिंक ऑक्साइड विरघळेल तेवढं विरघळवून घ्या, त्याने झिंकचं गंजणं कमी होतं. चांदीला त्याचा उपयोग नाही, झिंकला आहे.

पुढचं कारण बाजारातलं. स्टेशनरीच्या दुकानात सेलोफेन किंवा जिलेटीन पेपर म्हणून जे चकचकीत मिळतं ते बहुतेक वेळा प्लॅस्टिक असतं, पॉलिप्रॉपिलिनची फिल्म. त्यातून केओएच जातच नाही, सेलचा रोध आभाळाला भिडतो, मग मुलं त्याला सुईने भोकं पाडतात आणि त्या भोकांतून चांदी बिनबोभाट पलीकडे जाते. ओळखायची रीत सोपी. एक पट्टी पाण्यात टाका, खरं सेलोफेन पाच-दहा मिनिटांत मऊ होऊन फुगतं, प्लॅस्टिक तसंच राहतं. एक पट्टी चिमट्यात धरून पेटवा, खरं सेलोफेन कागदासारखं जळून राख होतं आणि वासही जळक्या कागदाचा, प्लॅस्टिक वितळून थेंब पडतो. खरं असलं तरी खाऊच्या पॅकिंगचं सेलोफेन नको, त्याला ओल लागू नये म्हणून लेप दिलेला असतो. बिनलेपाचं घ्या आणि वापरण्याआधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून धुवा, त्यात मऊपणासाठी ग्लिसरीन घातलेलं असतं ते निघून जातं. केओएचमध्ये ते आणखी फुगतं, जाडी दुप्पट-तिप्पट होते, तेव्हा सेलचं खोकं मापाला घट्ट केलं असेल तर जागा ठेवा, नाहीतर सगळा दाब प्लेटवर येतो.

प्रोजेक्टच्या सेलला तीन-चार थर पुरेत. सहा-सात घातले तर चांदी उशिरा पोचेल हे खरं, पण प्रत्येक थरामागे रोध वाढतो. चांदीची प्लेट आणि पहिलं सेलोफेन यांच्यामध्ये पॉलिप्रॉपिलिनचं न विणलेलं पातळ कापड ठेवा, म्हणजे एजीओ सेलोफेनला थेट टेकणार नाही आणि इलेक्ट्रोलाइटचा साठाही राहील. सेलोफेन तुकडे-तुकडे न लावता एकाच लांब पट्टीची यू आकाराची घडी करा, घडी खाली, कडा प्लेटच्या बाहेर निदान पाच-सहा मिलिमीटर, आणि इलेक्ट्रोलाइटच्या पातळीच्या वरपर्यंत. कडेने वळसा घालून गेलेली चांदी जेवढे सेल मारते तेवढे आरपार गेलेली मारत नाही, निदान आपल्याकडे हाताने बनवलेल्या सेलमध्ये तरी मला हेच दिसलंय.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. सावकाश करा, दहा ते वीस तासांत भरेल असा करंट. व्होल्टेज आधी १.६ च्या वर रेंगाळेल, मग उडी मारून १.९ च्या पुढे जाईल आणि तिथे रेंगाळेल. २.० ला थांबवा, फार तर २.०५. त्याच्या पुढे जाणारी वीज ऑक्सिजन काढण्यात जाते, आणि तो ऑक्सिजन सेलोफेनलाही खातो. रात्रभर लावून घरी जायचं हा प्रकार या सेलला चालत नाही.

आणि आता साठवण, जिथे सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक पडतो. ओला आणि चार्ज, या दोन गोष्टी एकत्र फार दिवस ठेवू नका. सेल बाजूला ठेवायचा असेल तर डिस्चार्ज करून ठेवा. धातूची चांदी केओएचमध्ये अशी विरघळत नाही, विरघळतात ते ऑक्साइड, तेव्हा ऑक्साइडच ठेवला नाही तर झिरपायला उरतं काय? चार्ज ठेवायलाच लागणार असेल तर थंड जागी. विदर्भात मे महिन्यात बंद लॅबच्या लोखंडी कपाटात काय तापमान होतं हे तिकडच्या मुलांना मी सांगायला नको, त्या एका महिन्यात जे नुकसान होतं ते थंडीच्या कित्येक महिन्यांत होत नाही. लॅबच्या फ्रिजमध्ये, म्हणजे जिथे खाण्याच्या वस्तू नसतात अशा फ्रिजमध्ये ठेवा, एवढ्या घट्ट केओएचला घरगुती फ्रिजचं तापमान गोठवत नाही. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग झाकण उघडा.

ज्यांना हा सेल खरोखर महत्त्वाच्या कामाला लागतो त्यांनीही विरघळण्याशी भांडण केलेलं नाही, त्यांनी वेळच काढून घेतला. टॉर्पेडो आणि क्षेपणास्त्रांच्या बॅटऱ्यांमध्ये प्लेटा कोरड्या ठेवतात, इलेक्ट्रोलाइट वेगळ्या टाकीत, आणि वापराच्या क्षणी दाबाने आत सोडतात. वर्षानुवर्षं कोरडं पडून राहिलं तरी चांदी जाणार कुठे, वाटच नाही. आपल्या वरुणास्त्र टॉर्पेडोतही सिल्व्हर ऑक्साइड-झिंकच्याच बॅटऱ्या आहेत. १९५७ च्या स्पुटनिकमध्ये ८३.६ किलोपैकी निम्म्याहून जास्त वजन सिल्व्हर-झिंक बॅटऱ्यांचं होतं आणि त्यांच्यावर ट्रान्समीटर सुमारे ३ आठवडे चालला. अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या यानातही याच जातीच्या बॅटऱ्या होत्या, काही दिवसांची मोहीम, पुन्हा चार्ज करायचा प्रश्नच नाही. हा सेल कमी वजनात भरपूर देतो, पण ओला झाल्यापासून त्याचं आयुष्य मोजायला लागतं. तुमच्या प्रोजेक्टचं वेळापत्रकही तसंच लावा: प्लेटा आधी तयार करून कोरड्या ठेवा, आणि केओएच ओतायचं ते मोजमापं घ्यायच्या आठवड्यात.

बटण सेलवाल्यांचे प्रश्न पण येतात, घड्याळाचा सेल वर्षाच्या आत संपला वगैरे. तिथे चांदी विरघळून झिंकपर्यंत गेली असण्याची शक्यता कमी, कारण आत एजी-टू-ओ असतो आणि कारखान्यात सेपरेटरचे सेलोफेन आणि पॉलिथिलिनचे थर नीट बसवलेले असतात. आधी सेलवर काय छापलंय ते बघा. एसआर ६२६ असेल तर सिल्व्हर ऑक्साइड. एलआर ६२६ किंवा एजी ४ असेल तर तो त्याच मापाचा साधा अल्कलाइन, त्यात चांदी नसते, त्याची व्होल्टेज वापरताना उतरत जाते आणि घड्याळ लवकर थांबतं. कडेला पांढरी पूड दिसली तर ते बाहेर पाझरलेलं केओएच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनेट झालेलं आहे, व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, मग पाण्याच्या किंचित ओल्या बोळ्याने, आणि कोरडं करा.

आता अमोनियाचं. काळे झालेले थर, ऑक्साइड सांडलेलं भांडं, चांदीच्या प्लेटचे तुकडे, यातलं काहीही अमोनियाने किंवा अमोनिया असलेल्या काचा पुसायच्या क्लीनरने साफ करायचं नाही. सिल्व्हर ऑक्साइड आणि अमोनिया एकत्र पडून राहिले, सुकले, की काळा पदार्थ तयार होऊ शकतो जो नुसत्या धक्क्याने फुटतो, ओला असतानाही फुटू शकतो. हे अतिशयोक्ती करून सांगत नाहीये, हात आणि डोळे जाण्याचा विषय आहे. भांडी आधी पाण्याने धुवा, उरलेला काळा डाग पातळ नायट्रिक ऍसिडने काढा, ते पाणी वेगळ्या बाटलीत जमा करा, मिठाने चांदी साक्यात बसवा आणि तो साका लेबल लावून ठेवा. बेसिनमध्ये काही ओतू नका, एक तर चांदी पाण्यातल्या जिवांना घातक, आणि दुसरं म्हणजे ती चांदी आहे, पुढच्या वर्षीच्या प्लेटांना उपयोगी येईल.

एवढं सगळं तपासून एक प्रकार उरतो. केओएच बरोबर, थरांचा उतार सुरेख, शेवटचा थर काचेसारखा स्वच्छ, तरीही दर चार्जला क्षमता घटतेय. अशा वेळी चांदीला हात लावू नका, झिंकची प्लेट बघा. झिंक केओएचमध्ये चांदीच्या कितीतरी पट जास्त विरघळतं, आणि चार्ज करताना जिथून गेलं तिथेच परत बसत नाही, कडा उघड्या पडतात आणि मधे किंवा तळाशी ढीग होतो. त्याला सेलोफेनचे थर वाढवून काहीही उपयोग नाही. झिंकची प्लेट चांदीच्या प्लेटपेक्षा थोडी मोठी कापा, झिंक हिशेबापेक्षा जास्त घ्या आणि सेल दर वेळी पूर्ण रिकामा करू नका.